गोदीची भिंत आणि ‘महानगरी जाणीव’

मुंबईच्या पी. डिमेलो मार्गावरून चालताना समुद्र दिसत नाही. बीड जिल्ह्यातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमवेत हा गोदीलगतचा जुना रस्ता पाहिला, तेव्हा पहिला प्रश्न हाच आला : ‘सर, समुद्र कुठंय?’ बाजूला गोदीची लांबच लांब भिंत होती. हा प्रश्न खरे तर मराठी समीक्षेने विचारायला हवा होता.

गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चे. प्रिन्सेस डॉक सुरू झाली १८८० साली. म्हणजे ही संहिता बंदिस्त गोदीपूर्वीच्या किनाऱ्याची आहे. तिचा निवेदक व्यापार, इमारती, जातीजमाती एकामागून एक सांगत जातो. त्याच्या नजरेला कुठे अडसर नाही. गोदी उभी राहिल्यावर पाहणारा आणि राबणारा यांची फारकत झाली. साठोत्तरी समीक्षेने ‘महानगरी जाणीव’ म्हणून जिचा गौरव केला, ती तुटलेपणाची आणि अनामिकतेची जाणीव प्रामुख्याने भिंतीबाहेरून चालणाऱ्याची आहे. तिची सच्चाई मान्य करूनही, तीच महानगराचे सर्वस्व मानणे ही आपली चूक झाली.

या रस्त्याचे पूर्वीचे नाव फ्रियर रोड. गव्हर्नराच्या जागी गोदी कामगारांचा पुढारी आला. चिन्हमीमांसकाला मोह पडावा असाच हा बदल. भिंतीला मात्र त्याचा पत्ता नाही.

गोदीत पूर्वी टोळीवाल्यामार्फत माणसे घेतली जात आणि १९४८ च्या गोदी कामगार (रोजगार नियमन) कायद्याने या भरतीला नोंदणीची चौकट देऊ केली, हे सांगताच ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला एक विद्यार्थी म्हणाला, ‘म्हणजे आमचा मुकादमच की!’ टोळी हा शब्द गोदीतही आहे आणि उसाच्या फडातही. आपण मात्र उचल, कोयता, मुकादम ही शब्दावली ‘ग्रामीण’ साहित्याच्या खात्यावर मांडून मोकळे होतो. मग वाटेगावाहून मुंबईत आलेल्या अण्णाभाऊ साठे यांची ‘मुंबईची लावणी’ कोणत्या खात्यावर मांडायची? ग्रामीण आणि महानगरी ही विभागणी श्रमाच्या स्वरूपावरून झालेलीच नाही. समीक्षक कुठे उभा राहून पाहतो, यावरून ती झाली आहे, आणि बीडच्या वर्गात ती जशीच्या तशी शिकवताना आपण त्या विद्यार्थ्याच्या हातातले वाचनाचे साधनच काढून घेतो.

समुद्र शेवटी भाऊच्या धक्क्यावर दिसला. सगळे बोटींकडे पाहत होते. तो विद्यार्थी मासळीच्या पाट्या वाहणाऱ्या एकाशी बोलत उभा होता. त्यांना उचल मिळते का, हे विचारत होता.