बाईंचे नाव, पक्षाचे नाव

२० जून २०२२च्या रात्री शिवसेनेचे काही आमदार मुंबईहून सुरतेला गेले ते मुंबई-अहमदाबाद महामार्गाने. डहाणू रोडला उतरून पूर्वेला चारोटीकडे गेले की हा महामार्ग लागतो, आणि पुढे तो तलासरी तालुक्यातून गुजरातेत शिरतो. त्या ताफ्यातले एक आमदार, धाराशिवचे कैलास पाटील, तलासरीच्या पुढे सीमेजवळ गाडीतून उतरले आणि पावसात काही किलोमीटर चालत, मग मिळेल त्या वाहनाने मुंबईला परतले. ही हकीकत त्यांनीच नंतर सांगितली. त्या रात्रीवर मराठीत पुष्कळ लिहून झाले आहे. कोण कोणाला फसवत होते, कोणाला आधी कळले, कोणाचा फोन बंद होता, हे सगळे त्यात सापडते. तलासरी मात्र त्यात एक नाका म्हणून येते आणि मागे पडते.

मी डहाणू रोडला राहतो, म्हणून हे मला खटकले असेल. पण तक्रार गावाच्या नावापुरती नाही. पक्षातल्या नेतृत्वाच्या भांडणाविषयी आपण जे लिहितो, त्यात नेत्याच्या मागे जाणारा माणूस दिसेनासा होतो. तो मत देतो, सभेला येतो, झेंडा धरतो, आणि भांडण सुरू झाले की लेखनातून बाहेर जातो. याच तालुक्यांनी मराठीला एक असे पुस्तक दिले आहे, ज्यात हा माणूस केंद्रस्थानी आहे: गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’. १९७०मध्ये ते आले आणि १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. जमीनदारांविरुद्धच्या लढ्याची कहाणी म्हणून ते वाचले जाते. नेतृत्वाविषयीचे पुस्तक म्हणून ते वाचले तर काय हाती लागते आणि काय लागत नाही, हे मला तपासायचे आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले. तेथे माह्या धांगडा यांच्यासारखे वारली प्रतिनिधी पोहोचले आणि त्यांनी आपल्या भागातली वेठ सांगितली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघे सावकाराच्या दारी राबत राहायचे. त्याला लग्नगडी म्हणत. त्या वर्षीच्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारल्यांची सभा झाली. वेठ बंद, लग्नगडी बंद, मजुरी रोख आणि ठरलेल्या दराने, असे निर्णय झाले. गवत कापण्याचा हंगाम आला तेव्हा पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी पुढे आली. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे जोडपे या सगळ्यात होते. बाई मूळच्या गोखले, कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजातून कम्युनिस्ट पक्षात आलेल्या. वारल्यांची बोली, त्यांचे अन्न, त्यांची भीती, सगळे त्यांना नव्याने शिकावे लागले. त्या शिकण्याची कबुली त्या पुस्तकात मोकळेपणाने देतात, आणि म्हणूनच या पुस्तकाची निवेदक उद्धारकर्त्याच्या भूमिकेत अडकत नाही.

नेतृत्वाच्या दृष्टीने या लढ्यातल्या दोन घटना शेजारी ठेवून वाचाव्यात असे मला वाटते. पहिली १० ऑक्टोबर १९४५ची. तलवाड्याला बाईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी अफवा जमीनदारांच्या बाजूने पसरवली गेली. लोक हातात मिळेल ते घेऊन धावले. दुसरीकडे वारली हल्ला करायला जमले आहेत असे पोलिसांना सांगितले गेले. गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मारले गेले. सभा कोणी बोलावलीच नव्हती. केवळ नाव वापरले गेले होते. नेत्याचे नाव एकदा लोकांच्या मनात रुजले की ते नेत्याच्या मालकीचे राहत नाही, शत्रूलाही ते वापरता येते, हे तलवाड्याने दाखवले.

दुसरी घटना पुढच्या वर्षीची. १९४६च्या हंगामात जंगलतोडीच्या मजुरीसाठी संप झाला. परुळेकर पतीपत्नींना जिल्ह्याबाहेर घालवण्यात आले. सरकारचा हिशेब असा, की डोके काढले की धड बसेल. संप चालू राहिला आणि लाकूड व्यापाऱ्यांना दर वाढवावे लागले. तलवाड्याला बाईंच्या नावाने लोक आले आणि मेले. एका वर्षाने बाई नसताना त्यांनी संप टिकवला. पुस्तकाच्या शीर्षकातले ‘जागा होणे’ म्हणजे नेमके काय, याचे उत्तर मला या दोन हंगामांच्या मधल्या अंतरात सापडते. नेत्याची खरी कसोटी तो गेल्यावर लागते, हे आपण सगळेच बोलतो. इथे ते दोन तारखांनी सिद्ध झालेले आहे.

पुस्तकाचे बळ इथे आहे, आणि माझ्या मते उणीवही इथेच सुरू होते. प्रसंग वारल्यांचे असले तरी सांगणारा आवाज एकच आहे. जागी झालेली माणसे आपसात काय बोलत होती, कोणाचे कोणाशी पटत नव्हते, संप चालवायचा की मिटवायचा यावर पाड्यात काय वाद झाला, हे फारसे ऐकू येत नाही. लढ्यात दोनच बाजू आहेत: एकीकडे जमीनदार, सावकार, जंगल ठेकेदार आणि त्यांच्या पाठीशी सरकार, दुसरीकडे जागा झालेला माणूस. १९४५पुरते हे खरेही असेल. वेठीचा चाबूक पाठीवर असताना मतभेदांना सवड कुठली? पण पुस्तक १९७०मध्ये आले. १९६४मध्ये कम्युनिस्ट पक्ष फुटला होता आणि १९६५मध्ये शामराव गेले होते. ते १९५७मध्ये ठाण्यातून लोकसभेवर निवडून आलेले मोठे नेते. पुस्तकाचा भर १९४५ ते १९४७वर असल्याने ही फूट त्याच्या चौकटीबाहेर राहते, यात लेखिकेला दोष देता येत नाही. तरी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. खरा पक्ष कोणता हा वाद दिल्ली-कलकत्त्यात शब्दांनी लढला जात होता, तेव्हा तलासरीतली लाल बावट्याची माणसे परुळेकरांबरोबर मार्क्सवादी पक्षात गेली. ठरावांवरची चर्चा किती जणांनी ऐकली असेल? त्यांच्यासोबत कोण राहिले होते, कोण चालले होते, हे त्यांना ठाऊक होते. १९७७मध्ये याच मातीतले लहानू कोम डहाणू मतदारसंघातून त्या पक्षाचे खासदार झाले. बाईंच्या नावाने जमणारे लोक आता आपल्यातल्या माणसाच्या नावावर मत देऊ लागले होते.

उणीव पुढच्या काळात महाग पडली. १९७८मध्ये कष्टकरी संघटना उभी राहिली. प्रदीप प्रभू, ब्रायन लोबो ही तिच्यातली माहीत असलेली नावे. प्रश्न तेच होते: वनजमीन, मजुरी, फॉरेस्टच्या माणसाची आणि पोलिसांची दहशत. पाडेही तेच. आणि तरी ऐंशीच्या दशकात दोन्हीकडचे कार्यकर्ते एकमेकांच्या अंगावर गेले, डोकी फुटली. एका बाजूने दुसऱ्याची ‘मिशनऱ्यांची माणसे’ म्हणून संभावना केली, दुसऱ्या बाजूने पहिल्याला पक्षाची दादागिरी म्हटले. यात कोणाचे किती चुकले याचा निवाडा इथे करत नाही. माझा मुद्दा भाषेचा आहे. आपल्यासारख्याच दिसणाऱ्या, आपल्याच प्रश्नावर लढणाऱ्या विरोधकाला काय म्हणायचे, याचा शब्द त्या लढ्याच्या कथेने दिलेला नव्हता. कथेत जागा फक्त शत्रूची होती, म्हणून स्पर्धकाला तीच जागा मिळाली. २००६च्या वनहक्क कायद्यानंतर दोन्हीकडच्या माणसांनी एकाच नमुन्यातले दावे भरले. २०१८च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला निघालेल्या किसान सभेच्या लाँग मार्चमध्येही वनजमिनीची मागणी अग्रभागी होती. शेजारच्या दोन घरांचे दावे दोन संघटनांमार्फत जावेत आणि मोजणीला एकच माणूस यावा, अशी ही स्पर्धा आहे.

तिसरे नेतृत्व याच काळात वाढत होते. तलासरीत वनवासी कल्याणाच्या कामाच्या वर्तुळातून पुढे आलेले चिंतामण वनगा, स्वतः वारली, पेशाने वकील, १९९६, १९९९ आणि २०१४मध्ये भाजपचे खासदार झाले. ३० जानेवारी २०१८ रोजी त्यांचे निधन झाले आणि मेमध्ये पालघरची पोटनिवडणूक लागली. पुढचा क्रम लक्षात ठेवायला कागद घ्यावा लागतो. वनगांचे पुत्र श्रीनिवास शिवसेनेकडून उभे राहिले. भाजपने काँग्रेसमधून आलेले राजेंद्र गावित उभे केले आणि ते २९,५७२ मतांनी जिंकले. २०१९मध्ये जागा शिवसेनेला सुटली, तेव्हा गावित शिवसेनेत गेले आणि पुन्हा खासदार झाले. श्रीनिवास पालघरचे आमदार झाले. जून २०२२मध्ये ते एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले, म्हणजे आपल्याच तालुक्यावरून जाणाऱ्या त्या वाटेने. २०२४मध्ये लोकसभेची जागा भाजपकडे गेली आणि दिवंगत नेते विष्णू सवरा यांचे पुत्र हेमंत सवरा निवडून आले. विधानसभेला शिंदे यांच्या पक्षाने पालघरची उमेदवारी गावितांना दिली. श्रीनिवास वनगा कॅमेऱ्यासमोर रडले आणि काही काळ कोणाच्या संपर्कात नव्हते.

त्या रडण्याची थट्टा झाली. मला त्यात थट्टेसारखे काही दिसले नाही. वडिलांचे नाव हे भांडवल एका पक्षाने नाकारले, दुसऱ्याने वापरले, तिसऱ्या वळणावर ते संपले. तलवाड्याला बाईंचे नाव त्यांना न विचारता वापरले गेले होते. इथे नाव वापरू देणारा माणूस स्वतः हजर होता, एवढाच फरक. नेत्याचे नाव त्याच्या कामापासून तोडून फिरवता येते हे त्या अफवेचे तंत्र होते. आता तेच तंत्र उमेदवाऱ्या वाटण्याच्या कामी येते.

याला नियमांची वाट आहे असे कोणी म्हणेल आणि ब्रिटनकडे बोट दाखवेल. योगायोगाने तिकडचे भांडणही त्याच पंधरवड्यातले. उद्धव ठाकरे यांनी २९ जूनला राजीनामा जाहीर केला, बोरिस जॉन्सन यांनी ७ जुलैला. तिथे सर्व काही लेखी असते. तेव्हाच्या नियमानुसार हुजूर पक्षाच्या पंधरा टक्के खासदारांनी पत्रे दिली की अविश्वासाचे गुप्त मतदान व्हायचे. मग पक्ष-सदस्यांनी मते दिली. ८१,३२६ मतांनी लिझ ट्रस निवडल्या गेल्या आणि ४९ दिवसांत गेल्या. ऋषी सुनक यांच्या वेळी सदस्यांच्या मतदानाची गरजच पडली नाही. आपल्याकडे पक्ष कोणाचा हे निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी सांगितले आणि विधानसभा अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ रोजी. दोन्हीकडच्या पद्धती वेगळ्या आहेत, आणि तिकडची निश्चितच कमी लाजिरवाणी आहे. पण ज्याच्या मतावर हे सर्व उभे आहे त्या मतदाराला प्रश्न दोन्हीकडे सर्वांत शेवटी विचारला गेला.

डहाणू विधानसभा मतदारसंघात २०१९ला आणि २०२४ला मार्क्सवादी पक्षाचे विनोद निकोले निवडून आले, आधी ४,७०७ आणि मग ५,१३३ मतांनी. २०१४मध्ये हीच जागा त्या पक्षाने भाजपच्या पास्कल धनारे यांच्याकडे गमावली होती. या निसटत्या आकड्यांवरून लाल बावट्याचा विजयोत्सव मी करणार नाही, आघाडीचा आधारही त्यात होता. एवढेच म्हणतो, की इथला मतदार कोणाच्याही नावावर कायमचा लिहून दिलेला नाही. तो घालवतो आणि परत बोलावतो. नेतृत्वाच्या भांडणावरच्या आपल्या लेखनात हा मतदार यायला हवा. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ने त्याला पहिल्यांदा मराठीत आणले, हे त्या पुस्तकाचे ऋण. जागा झाल्यावर तो आपसात कसा भांडतो, कोणाला सोडतो आणि का, हे लिहायचे राहिले आहे. ते काम आता बाहेरून आलेल्या माणसाने करायचेही नाही. या पाड्यांतून शिकून निघालेल्या मुलामुलींनी ते करावे, वारलीत विचार करून मराठीत लिहावे, आणि त्यात आम्हा वाचकांना न आवडणारी उत्तरे असली तरी छापली जावीत.

हा अंक हाती येईल तेव्हा १० ऑक्टोबर होऊन गेलेला असेल. तलासरीत त्या दिवशी हुतात्म्यांना अभिवादन होते. जेठ्या गांगडचे नाव घेतले जाते. ते नाव घेताना प्रत्येक वेळी आठवावे असे एक आहे: त्या दिवशी सभा नव्हती, कोणीतरी नेत्याचे नाव सांगितले होते, आणि लोक विचारायला थांबले नव्हते.