‘सैराट’मधील बोली आणि आज्ञार्थ

करमणुकीच्या चित्रपटातून सामाजिक संदेश द्यावयाचा म्हणजे एखाद्या सज्जन पात्राच्या तोंडी भाषण घालावयाचे, ही समजूत मराठी बोलपटात फार जुनी आहे. भाषणापेक्षा सूक्ष्म असे दुसरेही एक साधन आपल्या दिग्दर्शकांनी वापरले. ते म्हणजे पात्रांच्या भाषेतील भेद. शांतारामांच्या ‘पिंजरा’मध्ये (१९७२) गुरुजी प्रमाण मराठी बोलतात व तमासगिरीण बोली बोलते; प्रेक्षकाला नीती कोणत्या बाजूस आहे हे कथानक उलगडण्यापूर्वीच कानांनी कळते. तमाशापटांत व पुढे विनोदी चित्रपटांत बोलीकडे बहुधा हशा मिळविण्याचे काम आले. ‘वेडा’चा ‘येडा’ झाला, ‘पाणी’चे ‘पानी’ झाले, की शहरी प्रेक्षक हसावयास मोकळा होई. व-काराचा य-कार आणि ण-काराचा न-कार हे वर्णविकार केवळ उच्चाराचे. परंतु पडद्यावर त्यांना सामाजिक पायरीचा अर्थ चिकटला.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने (२०१६) हा संकेत निरुपयोगी करून टाकला, आणि त्या चित्रपटाच्या संदेशाचा विचार येथूनच करावयास हवा. हा चित्रपट प्रायोगिक नव्हे. मराठीत तोपर्यंत कोणत्याही चित्रपटाला न मिळालेले उत्पन्न त्याने मिळविले, आणि त्याची गाणी लग्नाच्या वरातींतून वाजली. तरीही जातिव्यवस्थेविषयी इतके परखड बोलणारा धंदेवाईक मराठी चित्रपट दुसरा दाखविणे कठीण. हे परखड बोलणे नेमके कोणत्या वाक्यात आहे, असे विचारले तर मात्र उत्तर देता येत नाही. जातीवर व्याख्यान देणारे पात्र त्यात नाही.

करमाळ्याच्या परिसरातील राजकारणी पाटलाची मुलगी आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील परशा हे दोघे एकच बोली बोलतात. दोघांच्या वर्णोच्चारात भेद नाही, शब्दसंग्रहात नाही, प्रत्ययांत नाही. ‘येडा’ म्हणणारे दोघेही ‘येडा’च म्हणतात, आणि त्याच जातीचा ‘याड’ हा शब्द येथे हशाचा न राहता प्रेमाचा होतो. मग वरचा कोण आणि खालचा कोण, हे प्रेक्षकाला कशावरून कळते? ते कळते क्रियापदाच्या अर्थावरून. आर्ची प्रामुख्याने आज्ञार्थात बोलते. ती ट्रॅक्टर चालविते, बुलेट चालविते, विहिरीत उतरलेल्या परशाला बाहेर निघ म्हणून सुनावते आणि तो निमूटपणे निघतो. मराठीत सांगितलेले कळत नसेल तर इंग्रजीत सांगू काय, असे ती दरडावते तेव्हा सारे प्रेक्षागृह खुलते. (आपल्या शिक्षणक्रमात इंग्रजीला खरोखर कोणते स्थान आहे, याचे याहून नेमके वर्णन एखाद्या समितीच्या अहवालातही क्वचितच सापडेल.) एक धीट मुलगी म्हणून प्रेक्षक तिच्यावर लुब्ध होतो, तिच्या धिटाईमागे बापाचा वाडा उभा आहे, हे त्या क्षणी त्याच्या लक्षात येत नाही.

ते लक्षात आणून देण्याची योजना चित्रपटात आहे. वर्गात दलित कवितेविषयी शिकविणाऱ्या प्राध्यापकाला आर्चीचा भाऊ प्रिन्स थोबाडीत मारतो. आपण कोण आहोत हे या मास्तराला ठाऊक नसावे, याचाच त्याला संताप आहे. बहिणीचा आज्ञार्थ आणि भावाची थप्पड यांचे व्याकरण एकच आहे. पहिल्यास प्रेक्षकाने टाळी दिलेली असते. दुसऱ्याच्या वेळी तो अस्वस्थ होतो. दोहोंचा उगम एक आहे, हे कोणीही त्याला सांगत नाही. पूर्वार्धातील संथगती दृश्ये व वाद्यवृंदाचा घोष यांचा अतिरेक झाला आहे, हा आक्षेप रास्त आहे. निम्म्या कात्रीने चालले असते. परंतु त्या लाडिकपणाशिवाय प्रेक्षक या सापळ्यात आला नसता, हेही खरे.

उत्तरार्धात दोघे हैदराबादेस पळून जातात. तेथे तेलुगू आहे, आणि आर्चीला ती येत नाही. परंतु अडचण केवळ अपरिचित भाषेची नाही. आज्ञार्थ चालण्यास ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याचे घराणे ठाऊक असावे लागते. झोपडपट्टीत ते कोणाला ठाऊक? पुढे ती तेथील भाषा शिकते, काम करते, संसार उभा करते. हुकमाचा सूर मात्र पूर्वीसारखा परत येत नाही. चित्रपटाचा हा भाग कंटाळवाणा झाला अशी तक्रार पुष्कळांनी केली. पूर्वार्धाची गोडी ज्यात होती तो आवाजच येथे काढून घेतला आहे, हे तिचे कारण असावे.

अखेरच्या प्रसंगी भाऊ व नातेवाईक आईची भेट घेऊन दारी येतात. प्रिन्सच्या तोंडचा हुकूम संपलेला असतो. पाहुणे अदबीने बसतात, चहा होतो. वाड्याची माणसे या दाराशी प्रथमच मृदू बोलतात, आणि हे मार्दवच घातक ठरते. त्यानंतर ध्वनी पूर्णपणे बंद होतो. बोलीवर उभारलेल्या चित्रपटाने आपले शेवटचे वाक्य भाषेशिवाय उच्चारले आहे.

या विवेचनाची कसोटी घेण्याची सोय धंद्यानेच करून ठेवली आहे. कथानक बहुतांशी तेच ठेवून त्याच्या अनेक भाषांत आवृत्त्या निघाल्या. त्यांतील हिंदी ‘धडक’ (२०१८) कथा उदयपुरास नेते. नायिका राजघराण्यातील, नायक उपाहारगृहवाल्याचा मुलगा. बोलण्याला मेवाडी छटा दिली आहे, पण ती पर्यटकाला रुचेल इतकीच. आज्ञार्थाची धार जाऊन तेथे लडिवाळ हट्ट येतो, आणि जातीचा उल्लेख ओझरता होतो. श्रीमंत-गरीब ही जुनीच जोडी उरते. शेवटही बदलला आहे. ‘धडक’मध्ये नायक व मूल मारले जातात आणि नायिका जिवंत राहते, घराण्याने आपली मुलगी राखून परका तेवढा वेगळा काढला, असा त्याचा अर्थ होतो. ‘सैराट’मध्ये मुलीलाही सोडलेले नाही. जिवंत राहते ते बोलावयास नुकतेच शिकू लागलेले मूल. ते रक्तात पावले उमटवीत दाराबाहेर येते, आणि त्याचे रडणेही ऐकू येत नाही.