मऊ, मवाळ आणि सॉफ्ट

इंग्रजी भाषेतला ‘सॉफ्ट’ हा शब्द मोठा मनमिळाऊ आहे. उशी सॉफ्ट, आवाज सॉफ्ट, उजेड सॉफ्ट, पेय सॉफ्ट, सवलतीचे कर्ज सॉफ्ट. आणि डोक्याने जरा कमी असलेला मनुष्यही सॉफ्टच! मराठीत मात्र प्रत्येक पानावर निराळा पदार्थ वाढावा लागतो. उशी मऊ, गवत लुसलुशीत, काकडी कोवळी, जमीन भुसभुशीत, वस्त्र तलम, स्वभाव सौम्य, स्पर्श हळुवार. आमच्या धरमपेठेतली गृहिणी शेजारच्या गोकुळपेठेच्या बाजारात संत्रे दाबून पाहते, तेव्हा मऊ कोणते आणि लिबलिबीत कोणते, हे तिचे बोटच तिला सांगते. भाकरी मऊ झाली तर करणारीचे कौतुक. दिवाळीची चकली मऊ पडली तर तिच्याच हाताला बोल!

एवढी श्रीमंती घरात असताना आमचे भाषांतरकार ‘सॉफ्ट’ दिसला की ‘मृदू’ लिहून मोकळे होतात, ही माझी तक्रार आहे. ‘सॉफ्ट स्किल्स’ची त्यांनी ‘मृदू कौशल्ये’ केली. नेटके बोलणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे, चारजणांत मिळून काम करणे, यांत मृदू ते काय? लोकव्यवहार हा आपला जुना शब्द तेथे सहज बसला असता.

माझ्यापुरती मी एक कसोटी ठरविली आहे. शब्दाचा अर्थ शोधण्याआधी त्याचा वैरी कोण, ते विचारावे. ‘सॉफ्ट ड्रिंक’चा वैरी मद्य. मराठीने त्या वैराकडे दुर्लक्ष करून नुसता गारवा पाहिला आणि ‘शीतपेय’ म्हटले. ते चालून गेले. ‘सॉफ्ट’ पाण्याचा वैरी म्हणजे ज्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ शिजता शिजत नाही ते पाणी. पाठ्यपुस्तककारांनी वैरी बरोबर ओळखला आणि ‘सुफेन’ व ‘दुष्फेन’ अशी जोडी घडविली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, त्याला सर्वत्र ‘सॉफ्ट लँडिंग’ म्हटले गेले. येथे वैरी आदळणे. आणि त्याला उत्तर देणारा ‘अलगद’ हा शब्द तर निजलेले मूल पाळण्यात ठेवणाऱ्या प्रत्येक आईच्या ओठी आहे. उलट आपल्या संगीतातला कोमल गंधार इंग्रजीत ‘सॉफ्ट’ होत नाही, ‘फ्लॅट’ होतो. कारण तेथे कोमलचा सामना शुद्धाशी आहे, कठोराशी नव्हे.

परंतु शब्द पुष्कळ असले म्हणजे न्याय होतोच असे नाही. १९०७ सालचे काँग्रेसचे अधिवेशन नागपुरास भरावयाचे होते. येथील दोन पक्षांतील तंट्यामुळे ते सुरतेस नेले आणि तेथे काँग्रेस फुटली. त्या दोन पक्षांना मराठीने ‘जहाल’ आणि ‘मवाळ’ म्हटले. इंग्रजी ‘मॉडरेट’चा अर्थ बेताचा, मर्यादा सांभाळणारा. त्यात मऊपणा मुळीच नाही. ‘मवाळ’ म्हटल्याबरोबर मात्र गोखल्यांसारख्या माणसाचा कणाच कोणी काढून घेतल्यासारखे वाटते. हे भाषांतर नव्हे. हा निकाल आहे, आणि शाळेच्या पुस्तकांतून तो आपण अजून मुलांना ऐकवीत आहो.

पुढे १९२० साली नागपुरातच काँग्रेस भरली आणि तिने गांधीजींच्या अहिंसक असहकारावर शिक्कामोर्तब केले. हात उगारायचा नाही, पण सरकारपुढे वाकायचेही नाही. आता याला जहाल म्हणावे की मवाळ? दोन्ही शब्द तोकडे पडतात. कारण मऊ म्हणजे दुबळे, हे आपण आधीच धरून चाललो होतो.

विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने ते तसे धरले नव्हते. त्याच्या ‘उत्तररामचरिता’तला राम प्रजेसाठी सीतेचा त्याग करतो आणि तोच राम पुढे पंचवटीत तिच्या आठवणीने मूर्च्छित पडतो. कठोरपणा आणि कोमलता एकाच हृदयात नांदतात. एकीने दुसरीला बाहेर घालविलेले नाही. मला वाटते, ‘सॉफ्ट’ला प्रतिशब्द शोधताना कोशाच्या आधी हे नाटक उघडावे. वैरी कोण, हे विचारावेच. पण कधी कधी वैरीच नसतो, हेही ध्यानात ठेवावे.