फोटोवरून चेहरा

लग्नाचा वाढदिवस, सासऱ्यांची एकसष्टी किंवा सरांची निवृत्ती जवळ आली की भेटवस्तूसाठी आता इन्स्टाग्राम उघडलं जातं. ‘ऑर्डर घेतो, डीएम करा’ असं लिहिणारी मुलंमुली तिथे तालुक्यातालुक्यांतली आहेत. कुणी जी. डी. आर्ट झालेलं, कुणी ए.टी.डी. करून शिक्षकभरतीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेलं, कुणी इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ‘ए’ ग्रेड मिळवून पुढे इंजिनिअरिंगला गेलेलं. दर चेहऱ्यामागे ठरतो. ए-फोर कागदावर एक चेहरा काही शे रुपयांत होतो, चेहरे वाढले की पैसे वाढतात, फ्रेम आणि कुरिअर वेगळं.

कलासमीक्षेने या चित्रांची दखल घ्यायलाच हवी. गॅलरीची पायरी कधी न चढलेल्या घरांत हाताने काढलेलं चित्र पोचतंय ते याच वाटेने. आणि दखल घ्यायची तर कौतुकाबरोबर परखडपणाही हवा.

फोटोवरून काढणं हा दोष नाही. शाळांच्या कार्यालयांतली, नगरपालिकांच्या सभागृहांतली कितीतरी तैलचित्रं फोटोवरूनच झाली. पण तो फोटो स्टुडिओतला असे, अंतर राखून घेतलेला. आज येते ती सेल्फी. हातभर अंतरावरून घेतलेल्या सेल्फीत नाक मोठं दिसतं, कान मागे सरकतात, चेहरा निमुळता होतो. वर व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या फोटोतले बारकावे पुसट झालेले असतात. चित्रकार चौकटी आखून ते नाक जसंच्या तसं उतरवतो आणि घरचे म्हणतात, सगळं बरोबर आहे, पण बाबा वाटत नाहीत. चित्रकार हळदणकरांच्या ‘ग्लो ऑफ होप’ या चित्रासाठी त्यांची मुलगी गीता हाती दिवा घेऊन उभी राहिली होती. समोर माणूस असला की चित्रकार हजार गोष्टींतून निवड करतो. इथे ती निवड लेन्स आधीच करून बसलेली असते, आणि तिची चूक ओळखून दुरुस्त करणारे फार थोडे.

दुसरा मोठा दोष गुळगुळीतपणाचा. चारकोलची पूड टिश्यूने घासायची, गाल संगमरवरासारखे करायचे, केसांत खोडरबराने चमक काढायची आणि शेवटी पांढऱ्या जेल पेनने दोन्ही बुबुळांत एकेक ठिपका ठेवायचा. हा ठिपका रीलमध्ये फार छान दिसतो, डोळे एकदम जिवंत होतात. पण उजेड कुठून येतोय याचा विचार नसल्याने माणूस कुणीही असो, ठिपका त्याच जागी. सत्तरीतल्या आजीच्या सुरकुत्या घासून टाकल्या, तर उरतं काय?

या दोषांचं मूळ हिशेबात आहे. समजा, एका चेहऱ्याचे आठशे ठरले. कागद, चारकोल, पॅकिंग वजा जाता सातशे उरले आणि काम बारा तास चाललं, तर तासाला साठ रुपयेही पडत नाहीत. त्यातच ‘जरा गोरं करा’, ‘ताईला थोडी बारीक दाखवा’ हे निरोप. जपानमधल्या ‘स्केब’ या संकेतस्थळावर मागणी एकदाच नोंदवायची, नंतर घासाघीस नाही, बदल नाहीत. आपल्याकडे एवढा दंडक पाळला, तरी कितीतरी चित्रं वाचतील.

या क्षेत्रातलं सर्वांत अस्सल काम मात्र एका वेगळ्याच मागणीतून होतं. नातू जन्मण्याआधी आजोबा गेले. दोघांना एका चित्रात आणायचं. नातवाचे ढीगभर फोटो, आजोबांचा एकच पासपोर्ट फोटो, तोही शिक्का पडलेला. खांदे कल्पनेने उभे करायचे, दोघांवरचा उजेड एक करायचा, आजोबांची मान नातवाकडे किंचित वळवायची. मानेचं ते वळण फोटोत कुठेच नसतं. ते चित्रकाराला शरीररचनेच्या अभ्यासातून काढावं लागतं. मी पाहिलेल्या अशा कामांत बरीच फसलेली आहेत, पण जमलेली चित्रं पाहताना या मुलांच्या हाताविषयी मनापासून आदर वाटतो.

नाकडोळे नसलेली, सपाट रंगांची जोडप्यांची डिजिटल चित्रं मात्र आता टिकणं कठीण. मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीवरून जिबली या ॲनिमेशन स्टुडिओच्या शैलीतल्या चित्रांची लाट आली, तेव्हाच ते उघड झालं. एका साच्यातून निघणारं काम यंत्र फुकटात करतं.

मला वाटतं, कमी पैशांत रेषाचित्रच काढावं. तासाभराचं, मोजक्या रेषांचं, भुवईची एक लकब नेमकी पकडणारं. जहांगीर आर्ट गॅलरीबाहेरच्या फुटपाथवर समोरच्या माणसाला बसवून झरझर काढणारे कलावंत हेच करत आले आहेत. पण इन्स्टाग्रामवरच्या बहुतेक दरपत्रकांत रेषाचित्र सर्वांत खाली, सर्वांत स्वस्त आणि जणू अपुरं म्हणून येतं. ते वर यावं, त्याला ताठ मानेने दर लावावा आणि ऑर्डर घेताना एका सेल्फीवर न भागवता त्या माणसाचे चारपाच फोटो आणि बोलतानाचा एखादा व्हिडिओ मागून घ्यावा. बाबा बोलताना ओठांचा कोपरा कसा दुमडतात, हे त्यात दिसतं.