वाचन-अक्षमता व विनामूल्य साहाय्यक सॉफ्टवेअर : मराठीच्या संदर्भात एक चिकित्सा

डिस्लेक्सिया अर्थात वाचन-अक्षमता ही बुद्धिमत्तेची उणीव नसून प्रामुख्याने ध्वनी व अक्षर यांची सांगड घालण्यातील अडचण होय. २००७ साली प्रदर्शित झालेल्या 'तारे जमीन पर' या चित्रपटाने हा विषय घरोघरी पोहोचविला. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने विशिष्ट अध्ययन अक्षमतेस कायद्यात स्थान दिले. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये सिद्ध केलेली 'डाली' ही चाचणी मराठीतही आहे. निदानानंतर विद्यार्थ्याच्या हाती कोणते साधन पडते, याची चिकित्सा मात्र क्वचितच होते.

विनामूल्य साधनांत 'ओपनडिस्लेक्सिक' हा टंक विशेष परिचित आहे. अबेलार्डो गोन्झालेस यांनी तो २०११ मध्ये तयार केला. अक्षरांचे बूड जाड ठेवल्यास रोमन लिपीतील बी-डी, पी-क्यू यांची उलटापालट टळेल, ही त्यामागील कल्पना. ती आकर्षक असली तरी अडचणीचे मूळ डोळ्यांत शोधते. वेरी व डिलिबेर्टो यांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या टंकामुळे वाचनाची गती वा अचूकता वाढल्याचे आढळले नाही. फुकट मिळते म्हणून शिफारस करणे निरुपद्रवी वाटते. पण त्यात विद्यार्थ्याचे एक शैक्षणिक वर्ष जाऊ शकते.

देवनागरीचा प्रश्न तर निराळाच आहे. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी लिहिली जाते, उच्चारली मात्र नंतर जाते. 'सूर्य', 'चक्र', 'राष्ट्र', 'तऱ्हा' या शब्दांत 'र' चार रूपांनी भेटतो. घ-ध, भ-म यांतील भेद मुख्यतः शिरोरेषेच्या खंडाएवढा, म्हणजे माथ्यावरचा. बूड जाड करून तो ठळक होणार नाही.

याउलट लिखित मजकूर वाचून दाखविणारी सॉफ्टवेअरे अडचणीच्या मुळाशी अधिक जवळ जातात. 'ईस्पीक एनजी' ही मुक्त स्रोत प्रणाली शंभराहून अधिक भाषांत बोलते व त्यांत मराठी आहे. तिचा आवाज यांत्रिक वाटतो, हा आक्षेप गौण होय. खरी कसोटी उच्चाराची. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जगणे' या क्रियापदातील 'जग' यांचे लेखन एक, उच्चार दोन. ज्याची ध्वनी-अक्षर सांगडच कच्ची आहे, त्याच्या कानी चुकीचा उच्चार पडला तर तो पडताळणार कशावर?

याहूनही मोठी अडचण मजकुराची आहे. युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेले पान पडद्यावर मराठी दिसते, परंतु संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे व चिन्हेच असतात. वाचक प्रणाली त्यातून अर्थहीन ध्वनी काढते. महाविद्यालयांतून वाटली जाणारी टिपणे तर बहुधा छायाप्रतींच्या पीडीएफ असतात. तेथे ती मुकीच होते. अशा पानांसाठी 'टेसरॅक्ट' ही विनामूल्य अक्षर-ओळख प्रणाली उपलब्ध आहे. ती मराठी ओळखते, पण अस्पष्ट छपाईत व जोडाक्षरांत चुकते. आणि त्या चुका दुरुस्त करण्यासाठी मजकूर नीट वाचू शकणारी व्यक्ती विद्यार्थ्याशेजारी बसावी लागते.