स्मरणावरचा अंमल

रूपककथेत राज्यसत्तेचे चित्र आले, की समीक्षकाची दृष्टी प्रथम सिंहासनावर बसलेल्याकडे जाते आणि त्याच्या जुलमाची मोजदाद करण्यातच लेख संपून जातो. परंतु प्रजेच्या स्मरणशक्तीवर सत्ता हळूहळू आपला अंमल कसा बसविते, हे दाखविण्यातच या वाङ्मयप्रकाराचे खरे सामर्थ्य आहे, असे माझे मत आहे.

जॉर्ज ऑर्वेलचे ‘ॲनिमल फार्म’ (१९४५) या दृष्टीने पुन्हा वाचावे. नेपोलियन या डुकराच्या पदरी कुत्रे आहेत, म्हणजे दंडशक्ती आहे. तरीही त्याचा कारभार चालतो तो स्क्वीलर या त्याच्या वाक्पटू साथीदार डुकराच्या जिभेवर. दूध आणि सफरचंदे डुकरांनीच का खावीत, याचा खुलासा करताना स्क्वीलर शास्त्राचा हवाला देतो, आणि शेवटी, जुना धनी जोन्स परत यावा अशी तुमची इच्छा आहे काय, एवढा एकच प्रश्न टाकून सर्वांना निरुत्तर करतो. शिधा घटला तर त्याला तो कपात म्हणत नाही, फेरजुळणी म्हणतो. उत्पादन दोनशे, तीनशे, पाचशे टक्के वाढल्याचे आकडे वाचून दाखवितो, आणि पूर्वीची स्थिती नेमकी कशी होती हेच उपाशी जनावरांना आठवत नसल्यामुळे ते आकडे खोडून काढण्यास त्यांच्याजवळ आधार उरत नाही. जोन्सविरुद्धच्या बंडानंतर कोठाराच्या भिंतीवर लिहिलेल्या सात आज्ञा एकेक करून बदलत जातात. एका रात्री मोठा आवाज होतो आणि जनावरे धावत येऊन पाहतात, तो भिंतीच्या पायथ्याशी दुभंगलेली शिडी, जवळच कंदील, कुंचला आणि पांढऱ्या रंगाचे उपडे झालेले भांडे, व त्या पसाऱ्यात स्क्वीलर सुन्न होऊन पडलेला! इतका ढळढळीत पुरावा समोर असूनही बेंजामिन गाढवावाचून कोणालाच त्याचा अर्थ लागत नाही. लबाडी उघडी पडली असतानाही ती पचते, कारण पाहणाऱ्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास आधीच हिरावून घेतलेला असतो. प्रचाराच्या यशाचे याहून भेदक चित्र माझ्या वाचनात नाही.

हे बारकावे अनुभवातून आलेले आहेत. १९४१ ते १९४३ या काळात ऑर्वेल बीबीसीच्या पौर्वात्य विभागात नोकरीस होता; हिंदुस्थानासाठी तो लिहीत असलेली युद्धवार्तापत्रे सरकारी तपासनिसाच्या नजरेखालून जात, आणि त्यांपैकी काही मराठीतूनही प्रसारित होत. मराठी लेखिका वेणू चितळे त्या विभागात त्याच्या सहकारी होत्या. शब्दांना सरकारी मुलामा कसा चढतो, हे त्याने मेजाच्या आतल्या बाजूने पाहिले होते.

सत्तेची अशी चित्रे इतरांनीही रेखाटली आहेत. ऑर्वेलच्या आधी रशियन लेखक झाम्यातिनने ‘आम्ही’ ही कादंबरी लिहिली, जी रशियात छापली जाण्यास १९८८ उजाडावे लागले. चेक लेखक कारेल चापेकने १९३६च्या आपल्या सॅलमँडरांच्या कादंबरीत वृत्तपत्रांच्या कात्रणांमधूनच अनर्थाची वाढ दाखविली. अलीकडे झिंबाब्वेच्या नोव्हायोलेट बुलावायो यांनी ‘ग्लोरी’ (२०२२) या कादंबरीत प्राण्यांचे राज्य पुन्हा उभे केले. तीत घोषणांची पुनरुक्ती पानेच्या पाने चालते, आणि कधीकधी त्या कोलाहलात विस्मरणाची ती शांत, भयंकर प्रक्रिया ऐकू येईनाशी होते, हा मला तिचा दोष वाटतो. तथापि डेस्टिनी ही शेळी गावी परतते आणि आपल्या आईच्या तोंडून झिंबाब्वेत १९८०च्या दशकात झालेल्या कत्तलींची हकीकत ऐकते, तेथे कादंबरी ऑर्वेलच्याही पुढे जाते. त्याच्या जनावरांना जे आठवत नव्हते, ते येथे एक म्हातारी नावानिशी सांगते.

रूपककथा स्वतःही प्रचाराच्या दावणीला बांधली जाते, हे विसरून चालणार नाही. ‘ॲनिमल फार्म’वर १९५४ साली निघालेल्या चित्रपटाला अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने गुप्तपणे पैसा पुरविला आणि त्याचा शेवट बदलण्यात आला: पडद्यावर जनावरे पुन्हा बंड करून डुकरांवर चालून जातात. ऑर्वेलच्या पुस्तकात मात्र ती खिडकीबाहेर उभी राहून आत पाहत आहेत, आणि आतील माणूस कोण व डुक्कर कोण हे त्यांना ओळखता येत नाही.