खोडण्याआधी खूण

जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतील विद्युत हालचाल प्रथम टिपली. या आलेखाला ईईजी म्हणतात. मेंदूचा हा संकेत अगदी क्षीण, साधारणपणे १०० मायक्रोव्होल्टच्या आतला असतो. पापणी लवली, तरी कपाळाजवळच्या इलेक्ट्रोडवर त्याहून मोठी लाट उठू शकते. जबडा आवळला, मान वळवली, जवळून विजेची तार गेली, की तेही आलेखात उतरते. मेंदूबाहेरून घुसलेल्या अशा संकेतांना आर्टिफॅक्ट म्हणतात. आपण त्यांना ‘उपरे संकेत’ म्हणू.

उपरे संकेत हिशेबात धरू नयेत, हे सर्वांना मान्य आहे. प्रश्न आहे तो वगळण्याच्या रीतीचा.

अर्नो डेलॉर्म व स्कॉट मकेग यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत रचलेल्या ‘ईईजीलॅब’ या प्रणालीवरील निबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ही प्रणाली आज जगभर वापरली जाते. तिच्यात सलग आलेख पडद्यावर सरकवत खराब भाग माऊसने रंगवायचा आणि ‘रिजेक्ट’चे बटण दाबायचे. तेवढा भाग कापला जातो, उरलेली टोके जोडली जातात आणि सांध्यावर ‘बाउंडरी’ अशी नोंद राहते. येथे काही कापले गेले एवढे तिच्यावरून कळते. का कापले, हे मात्र कळत नाही.

‘एमएनई-पायथन’ या दुसऱ्या प्रणालीची रीत वेगळी आहे. तेथे खराब भागाला ‘बॅड’ने सुरू होणारे नाव द्यायचे. पापणी असेल तर पापणी, स्नायू असेल तर स्नायू, असे कारण त्या नावातच लिहिता येते. मूळ आकडे जागेवरच राहतात. पुढच्या गणितात तो भाग फक्त ओलांडला जातो. खूण चुकली असे वाटले तर ती पुसता येते आणि दुसऱ्या कोणालाही ती तपासता येते. आम्हाला हीच रीत अधिक शास्त्रीय वाटते.

ईईजीलॅबमध्येही सुधारणा झाली आहे. आलेखाचे गणिताने स्वतंत्र घटक पाडले, की प्रत्येक घटक ‘ठेवा’ की ‘टाका’ हे पूर्वी माणूसच नजरेने ठरवी. २०१९ मध्ये आलेली ‘आयसीलेबल’ ही जोड प्रत्येक घटक मेंदूचा, डोळ्याचा, स्नायूचा, हृदयाचा असण्याची शक्यता किती, हे सात वर्गांत वाटून सांगते. सरळ ‘हो’ की ‘नाही’ म्हणण्यापेक्षा हे प्रामाणिक आहे. परंतु खुणेच्या चौकटीत डोळा व स्नायू यांच्यासाठी ९० टक्के ही मर्यादा आधीच भरलेली असते. घाईतला वापरणारा ती तशीच ठेवतो आणि शक्यतेचा पुन्हा ‘हो-नाही’ होतो. ९१ टक्क्यांचा घटक जातो, ८९ चा राहतो.

हा केवळ तांत्रिक वाद नव्हे. चुळबुळ्या आणि शांत मुलांच्या अवधानाची तुलना करायची आहे असे समजा. चुळबुळ्यांच्या आलेखातून अधिक भाग कापले जाणार. मग शेवटी दिसलेला फरक मेंदूचा की कात्रीचा? कारणासह खुणा राहिल्या असतील तरच हे शोधता येईल.

विशेष म्हणजे, ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये २०२३ साली डेलॉर्म यांनीच आपचालित सफाईच्या रीती माहितीच्या तीन संग्रहांवर तपासून पाहिल्या. अतिमंद चढउतार गाळणे आणि बिघडलेल्या इलेक्ट्रोडची भरपाई करणे एवढे सोडले, तर इतर रीतींनी निष्कर्षाला खात्रीलायक बळ मिळाले नाही. काहींनी तर नुकसानच झाले. खराब भाग टाकून जो लाभ होतो, तो कमी झालेल्या माहितीची भरपाई करू शकला नाही.

शाळेच्या प्रयोगवहीतही हेच घडते. लंबकाच्या दहा वाचनांपैकी एक विचित्र आले, की विद्यार्थी रबर शोधतो. त्याला रबर देऊ नये. त्या वाचनाभोवती वर्तुळ काढायला, शेजारी कारण लिहायला आणि ते धरून व सोडून अशी दोन्ही उत्तरे काढायला सांगावे. दोहोंत फरक किती पडला, यावर वर्गात चर्चा व्हावी.